अँपला कंडिशनर हवाय की भिंतीला वायरमन?

(ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ नाही, लोकलमध्ये रेंज जाते, किंवा ऐकून झाल्यावर "ते आकडे काय होते गं?" असं विचारायचं असतं, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलताना झालेले "म्हणजे", "अ‍ॅक्च्युअली" बरेचसे काढलेत. सगळे नाही.)

आजचा विषय एका व्हॉइस नोटवरून आलाय. नागपूरचा एक श्रोता विचारतोय, "ताई, दोन वर्षं पैसे साठवून ऐंशी हजारांचा इंटिग्रेटेड अँप घेतला. दुकानदार म्हणतो, याच्यासोबत चाळीस हजारांचा पॉवर कंडिशनर घेतलाच पाहिजे, नाहीतर अँपचा खरा आवाज कळणारच नाही. घेऊ का?"

हा प्रश्न मला अगदी जवळचा आहे, कारण या खड्ड्यात मी स्वतः पडून आले आहे. माझं प्रकरण शेवटी पैशापुरतं राहिलं नाही, आईच्या हाताला करंट लागण्यापर्यंत गेलं. ते सांगतेच. पण आधी अँपच्या पोटात काय चालतं ते बघू, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

आपल्या भिंतीतून २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज येते. म्हणजे व्होल्टेज सेकंदाला पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली जातं, आणि टोकाला ते ३२५ व्होल्टच्या आसपास पोचतं. स्पीकरला ही वीज थेट चालत नाही. अँपमधला ट्रान्सफॉर्मर ती कमी करतो, डायोड तिला एकाच दिशेने वळवतात आणि मोठेमोठे कपॅसिटर ती साठवून ठेवतात. गाणं वाजतं ते या साठ्यातून.

आता आपल्या सोसायटीचं पाणी डोळ्यांसमोर आणा. पालिकेचं पाणी ठरावीक वेळीच येतं, पंप लागतो, गच्चीवरची टाकी भरते आणि तुम्ही दिवसभर नळ सोडता तो टाकीतून. पाणी येताना धार कशी होती, मध्येच फुसफुसली का, हे तुमच्या नळाला कळत नाही. गाळ येतो तोही बराचसा टाकीच्या तळाशी बसतो. अँपमधले कपॅसिटर म्हणजे ती टाकी. फरक एवढाच की इथे पाणी सेकंदाला शंभर वेळा येतं, आणि दर वेळी अगदी थोडा वेळ. वीज लाटेच्या टोकावर असते तेवढ्याच क्षणात कपॅसिटर भरून घेतात, बाकीचा वेळ ते भिंतीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

म्हणजे चांगल्या अँपमध्ये एक "कंडिशनर" आधीच बसवलेला असतो आणि त्याचे पैसे तुम्ही भरलेले असतात. महागड्या अँपचं झाकण उघडलं तर निम्मी जागा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरनेच खाल्लेली दिसते. वजन उचलताना कंबर धरते ती त्यांच्यामुळेच.

मग बाहेरचा कंडिशनर करतो काय? त्या नावाखाली बाजारात तीन-चार अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात जास्त दिसतो तो फिल्टर. देखणा धातूचा डबा, मागे सहा-आठ सॉकेट, आत कॉइल, कपॅसिटर आणि बहुतेक वेळा व्हॅरिस्टर. कॉइल आणि कपॅसिटर मिळून वरच्या फ्रिक्वेन्सीची कचकच अडवतात. व्हॅरिस्टर अचानक आलेला व्होल्टेजचा फटका पिऊन टाकतो. मात्र दर फटक्याला तो थोडा थोडा मरतो. पाच वर्षं वापरलेल्या डब्यातला व्हॅरिस्टर अजून शाबूत आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही, म्हणून निदान दिवा दाखवणारं मॉडेल बरं.

दुसरा प्रकार आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तिसरा रीजनरेटर. अमेरिकेतली पीएस ऑडिओ ही कंपनी "पॉवर प्लांट" नावाने असे रीजनरेटर विकते. तो भिंतीतल्या एसीचा आधी डीसी करतो आणि त्यातून पुन्हा नवी कोरी एसी तयार करतो. एका अर्थी तो स्वतःच एक मोठा अँप असतो, फक्त गाण्याऐवजी अखंड ५० हर्ट्झचा सूर वाजवणारा. किंमतही अँपसारखीच, गरम होणंही तसंच. आणि चौथा आपला ओळखीचा स्टॅबिलायझर. तो व्होल्टेज वर-खाली करून जागेवर आणतो, पण कचकच गाळणं हे त्याचं काम नाही. रिलेवाला असेल तर "टक" असा आवाज करत पायरी बदलतो. फ्रिजजवळ तो चालतो. रात्री अकराला मालकंस ऐकताना नाही चालत.

दुकानात या चारही वस्तूंना एकच वाक्य चिकटवलेलं असतं, "साउंड खुलतो सर." मला "मॅडम" म्हणाले होते.

तर माझी गोष्ट. डोंबिवलीतली आमची जुनी बिल्डिंग. मी एक लाख चाळीस हजारांचा अँप घेतला, ईएमआयवर. घरी आणला, लावला, आणि गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक "हंऽऽऽ". बाबा म्हणाले, "एवढ्या पैशात फ्रिजचा आवाज फुकट मिळाला." दुकानदार म्हणाला, तुमची लाइन घाण आहे, कंडिशनर लागेल. आठ दिवस वापरून बघा म्हणून अडतीस हजारांचा डबा दिला.

लावला. हंऽऽऽ तसंच. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं तर एका दादाने पाच मिनिटांत उत्तर दिलं: "थ्री-पिनची वरची जाडी पिन काढून टाक, नाहीतर टू-पिन अडॅप्टर लाव. गॅरंटीने जाईल." मी अडॅप्टर लावला आणि घरघर खरंच गेली. मला काय आनंद झाला! ग्रुपवर तीन हार्ट पाठवले मी त्या दादाला.

चार दिवसांनी आई टीव्हीचं टेबल पुसत होती. मागच्या वायरींचा गुंता तिला नकोसा होता म्हणून तिने टीव्हीकडून अँपला येणारी वायर काढून बाजूला ठेवली आणि ओल्या फडक्याने अँप पुसायला घेतला. मी स्वयंपाकघरात होते. "अगं, हा चावतोय!" असं ओरडून तिने हात झटकला. मला आधी वाटलं पाल आहे.

काका आले. म्हणजे आमचे वायरमन काका, मी शाळेत असल्यापासून घरातलं सगळं तेच बघतात. त्यांनी अँपच्या धातूला टेस्टर लावला आणि टेस्टर पेटला. मग माझ्याकडे न बघता अडॅप्टर उपसून काढला आणि म्हणाले, "हे कोणी लावलं?" मी गप्प. आई म्हणाली, "इंटरनेटने."

काय झालं होतं, ते नीट सांगते, कारण हे तुमच्याही घरी होऊ शकतं. फिल्टरच्या आत फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दुसरा. लाइनमधली कचकच यांच्यातून अर्थमध्ये सोडून द्यायची, अशी ती योजना. आता अर्थ काढून टाकलात, तर ती कचकच जाणार कुठे? दोन कपॅसिटरच्या मधला तो बिंदू, म्हणजे डब्याचा आणि अँपचा सगळा धातू, फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये लोंबकळत राहतो. २३०च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट. त्यातून वाहू शकणारा करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. टू-पिन चार्जरला लावलेल्या लॅपटॉपच्या किंवा फोनच्या धातूवरून बोट फिरवताना जी खरखरीत झिणझिण जाणवते ना, ती याच जातकुळीची.

मग पहिले चार दिवस कोणालाच कसं काही लागलं नाही? कारण तोवर टीव्हीच्या वायरीतून, सेट-टॉप बॉक्समधून, केबलवाल्याच्या वायरीची बाहेरची जाळी आमच्या अँपची अर्थ बनून बसली होती. आईने वायर काढली आणि तो शेवटचा धागाही तुटला.

आता खरा धोका ऐका. समजा अँपच्या आत एखादी फेजची वायर सुटून धातूला टेकली. अर्थ असेल तर करंट त्या वाटेने जातो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी पडतो. अर्थ नसेल तर काहीच पडत नाही. पूर्ण २३० व्होल्ट धातूवर वाट बघत बसतात, कोणीतरी ओल्या फडक्याने पुसायला येण्याची. आपल्या थ्री-पिनची अर्थची पिन बाकी दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते? प्लग आत जाताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि बाहेर येताना सगळ्यात शेवटी सुटावी म्हणून. ज्याने ती पिन ठरवली त्याने विचार केला होता. मी केला नव्हता. घरघर घालवण्यासाठी अर्थ कधीही, म्हणजे कधीही काढायची नाही. कोणताही दादा सांगो.

बरं, मग घरघर होती कसली? काकांनी अँपच्या मागच्या सगळ्या वायरी काढायला लावल्या. फक्त पॉवर आणि स्पीकर ठेवले. शांत. एक एक वायर परत लावत गेलो. टीव्हीची वायर लावली की हंऽऽऽ. टीव्ही तसाच ठेवून सेट-टॉप बॉक्सची मागची केबल पिळून काढली की पुन्हा शांत.

याला ग्राउंड लूप म्हणतात. अँपला एक अर्थ भिंतीतून मिळते आणि दुसरी केबलवाल्याच्या वायरीतून, आणि या दोन अर्थ अगदी सारख्या व्होल्टेजवर नसतात. मग मधल्या वायरींमधून बारीकसा ५० हर्ट्झचा प्रवाह गोल गोल फिरत राहतो आणि अँप त्याला गाणं समजून मोठं करतो. लक्षात घ्या, ही घाण पॉवरच्या दारातून आलेलीच नव्हती. ती आली सिग्नलच्या दारातून. पुढच्या दाराला कितीही भारी कुलूप लावलं तरी मांजर मागच्या खिडकीतून येतंय! अडतीस हजारांचा डबा तिथे काहीच करू शकत नव्हता.

उपाय काय केला? माझ्याकडे डीएसी आधीच होता. टीव्ही ते डीएसी ऑप्टिकल केबल टाकली, साडेतीनशे रुपयांची. तिच्यातून प्रकाश जातो, धातूची जोडणीच नाही, त्यामुळे लूप तुटला. अँपची अर्थ जागेवर, घरघर गायब. डबा आठव्या दिवशी दुकानात परत. दुकानदाराने तो घेतला, तक्रार नाही, फक्त चेहरा तेवढा पडला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग कंडिशनर म्हणजे निव्वळ फसवणूक का? नाही, तसं मी म्हणणार नाही. रेकॉर्ड प्लेयर असेल, त्यात मूव्हिंग कॉइल कार्ट्रिज असेल, तर तिचा सिग्नल अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचा किंवा त्याहून कमी असतो. तो हजारो पटींनी वाढवताना शेजारच्या खोलीतल्या पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरची किरकिरही वाढून येऊ शकते. फ्रिज चालू-बंद होताना स्पीकरमध्ये "फट्" ऐकू येत असेल, तर तिथेही फिल्टरने फरक पडू शकतो. पण अशा वेळी तो फोनोला, डीएसीला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नाजूक गोष्टींना लावावा. किंवा त्याहून सरळ, ज्या रेग्युलेटरमुळे किरकिर होतेय तोच बदलावा. एक रेग्युलेटर शंभर-दोनशे रुपयांत येतो हो.

मोठ्या पॉवर अँपची गोष्ट मात्र उलटी आहे. टाकी आठवा. पंपाला पाणी ओढायला अगदी थोडा वेळ मिळतो, त्यामुळे तेवढ्या वेळात तो जोरात ओढतो. त्या पाइपात कोणी बारीक जाळीचा फिल्टर बसवला तर टाकी पूर्ण भरणार नाही. सरासरी तीनशे वॅट घेणारा अँपही लाटेच्या टोकावर त्याच्या कित्येक पट करंट खेचत असतो. कंडिशनरमधली कॉइल लहान असेल तर नेमक्या त्याच क्षणी व्होल्टेज खचतं. ढोलाचा ठोका मवाळ झाल्यासारखा वाटतो, अशी तक्रार काही लोक करतात त्यामागचं शक्य कारण हे. काही अँप कंपन्या तर मॅन्युअलमध्येच लिहितात, थेट भिंतीत लावा. चाळीस हजार मोजण्याआधी आपलं मॅन्युअल उघडून बघा. फुकट आहे.

"पण ताई, आमच्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं." पडतं ना, आमच्याकडेही पडतं. हिशोब करू. आठ ओहमच्या स्पीकरला १०० वॅट द्यायचे तर अँपला टोकाला ४० व्होल्ट लागतात. साध्या क्लास एबी अँपमध्ये आतलं व्होल्टेज बाहेरच्या प्रमाणात कमी होतं. भिंतीत २३०चे २०७ झाले, म्हणजे दहा टक्के घट, तर आतही दहा टक्के घट, आणि १०० वॅटचे साधारण ८१ राहतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण कानाला हा फरक एका डेसिबलपेक्षाही कमी. आणि तोही अँप पूर्ण ताणलात तरच, घरात आपण बहुतेक वेळ वॅट-दोन वॅटवर ऐकत असतो. स्विचिंग सप्लायवाले नवे क्लास डी अँप तर बऱ्याचदा असला चढउतार आतल्या आत सांभाळून घेतात.

पडणाऱ्या व्होल्टेजपेक्षा मला भीती वाटते चढणाऱ्याची. बिल्डिंगला वीज येते तीन फेजमध्ये आणि सगळ्यांचा न्यूट्रल एक. तो कुठे सैल झाला किंवा तुटला, तर कोणाच्या घरात १५० व्होल्ट आणि कोणाच्या घरात साडेतीनशे, चारशेच्या दिशेने, असं काहीही होऊ शकतं. आमच्या खालच्या मजल्यावर एका संध्याकाळी दोन टीव्ही आणि एक वॉशिंग मशीन गेलं ते असंच. व्हॅरिस्टर क्षणभराचा फटका पितो, पण असं मिनिटभर चढलेलं व्होल्टेज त्याला जाळतं. इथे कामाला येतं ते व्होल्टेज ठरावीक मर्यादेबाहेर गेलं की लाइनच तोडणारं उपकरण, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. त्याने आवाज "खुलत" नाही. अँप जिवंत राहतो.

आणखी एक, कारण हे दर दिवाळीला होतं. माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. म्हणाला, "इकडे कंडिशनर सेलवर आहे, बॅगेत घालून आणू का?" नको रे बाबा! तिथली वीज १२० व्होल्टची, आणि तिथल्या डब्यातला व्हॅरिस्टर साधारण १५० व्होल्टच्या लाइनपर्यंतचा. आपल्या २३०ला लावला तर तो प्रत्येक लाटेला "फटका आला, फटका आला" समजून वीज पीत राहील, आणि तुम्हाला जळका वास येईपर्यंत फार वेळ जाणार नाही. अमेरिकेहून अँप आणत असाल तरी मागचा छापील आकडा वाचल्याशिवाय प्लग लावू नका.

आणि आवाज स्पीकरमधून न येता अँपच्या डब्यातूनच घुमत असेल, तर तो वेगळा आजार. हेअर ड्रायर कमी गरमवर चालवला की काही मॉडेल लाटेचा अर्धाच भाग खातात. त्यामुळे लाइनमध्ये थोडा डीसी येतो आणि गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर गुरगुरायला लागतो. अँपला कान लावा आणि ताईला ड्रायर बंद करायला सांगा. गुरगुर थांबली तर निदान झालं. त्यावर डीसी ब्लॉकर नावाची छोटी वस्तू मिळते. साध्या फिल्टरचा त्याला काही उपयोग नाही.

तर नागपूरच्या मित्रा, तू आधी वायरमनला बोलव. स्वतः सॉकेटमध्ये काही खुपसू नकोस. त्यांना मल्टिमीटरने तीन आकडे घ्यायला सांग: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिले दोन जवळजवळ सारखे हवेत आणि तिसरा एक-दोन व्होल्टच्या आसपास. फेज-अर्थ भलताच कमी आला, तर तुझ्या सॉकेटची तिसरी पिन शोभेची आहे. मग चाळीस हजारांचा फिल्टरही शोभेचाच, कारण त्याने कचकच सोडायची कुठे?

मी स्वतः शेवटी काय केलं? काकांकडून डीबीपासून अँपसाठी वेगळी लाइन ओढून घेतली, १६ अँपियरचा सॉकेट, जाड वायर, पक्की अर्थ. डीबीमध्ये सर्ज प्रोटेक्शन आणि तो ओव्हर-अंडर व्होल्टेजवाला. मजुरीसकट नऊ हजारांच्या आत बसलं. मे महिन्यात तो दोनदा तुटून परत जोडला गेला, आणि दोन्ही वेळा आई म्हणाली, "बघ, पुन्हा बिघडलं." मी म्हटलं, "अगं, बिघडू नये म्हणूनच बंद झालंय." तिला ते अजून पटलेलं नाही. अँप ती आता कोरड्या फडक्याने पुसते, आणि पुसायच्या आधी भिंतीतला प्लग काढते.

तुमच्या वायरमनने घेतलेले ते तीन आकडे मला पाठवा. फोटो नको, नुसते आकडे चालतील. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातलेच काही घेऊन बसू.